बाबूचा व्हॉल्व्ह

खोटं वाटत असेल तर केलगेरी तळ्याकाठी जाऊन विचारा. ते ऑफिस अजून तिथेच आहे आणि आमची निवेदिता धारवाडातच राहते. मी तिची थोरली चुलत बहीण. उगाच वाढवून सांगायची मला सवय नाही.

गेल्या वैशाखातला रविवार. भर दुपार.

निवेदिता ऑफिसात एकटीच होती. तिचं काम असं, की अजून कुठेच न बांधलेली नव्या तऱ्हेची अणुभट्टी कंप्युटरवर चालवायची. मग मुद्दाम बिघडवायची. काय फुटतं, कोण वाचतं ते बघायचं. असं हजारो वेळा.

त्या भट्टीत एक व्हॉल्व्ह हातानेच, जड चाक फिरवून बंद करायचा होता. माणसाला किती वेळ लागतो ते कळावं म्हणून त्यांनी तारिहाळच्या एका कारखान्यातल्या बाबू फिटरकडून तसलं चाक फिरवून घेतलं होतं. ज्याची वेळ घेतली, त्याचंच नाव प्रोग्रॅममधल्या माणसाला द्यायचं, ही ऑफिसची पद्धत.

प्रत्येक बिघाडात कंप्युटरमधला बाबू धावायचा. बहुतेक वेळा मरायचा.

खरा बाबू होळीच्या सुमारास वारला. नाव कोणी बदललं नाही.

सोमवारी रिपोर्ट द्यायचा होता. तिने शेवटचा रन लावला. पडद्यावर ओळ आली, बाबू व्हॉल्व्हपाशी पोचला.

मग... काहीच नाही.

पुन्हा लावला. पुन्हा तेच.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. यूपीएसवर कंप्युटर तेवढा चालू... आणि मागच्या रिकाम्या खोलीतून आवाज आला.

घर्र... घर्र...

कोणीतरी जड चाक फिरवत होतं.

तापलेल्या लोखंडाचा वास आला. तिला वळून बघायचा धीर झाला नाही. पडद्यावर नवी ओळ उमटली होती. तिने न लिहिलेली...

बाबू येणार नाही.

सकाळी उठून ती तारिहाळला गेली. बाबूच्या बायकोने, लक्कव्वाने, तिला उंबऱ्याबाहेरच उभं करून सगळं ऐकून घेतलं.

"गार लोखंड धरलं तरी त्यांचे तळहात भाजायचे. झोपेत ओरडायचे, किती वेळा फिरवू म्हणून. मेल्यावर पण कामाला लावलंत? बिडरी अवरन्न."

सोडा त्यांना, म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

निवेदिताने ऑफिसात येऊन बाबूचं नाव पुसलं. पण नावाची जागा रिकामी ठेवली की प्रोग्रॅम चालेना.

"अक्का, ते चाक तू पण फिरवलं होतंस की," शेजारच्या टेबलावरचा श्रीवत्स म्हणाला. "तुझी वेळ घाल. संध्याकाळी रिपोर्ट गेला नाही तर दोघांची नोकरी जाईल."

दुसऱ्या कोणाचं नाव घालायला तिचा हात धजेना. स्वतःचं घातलं.

व्हॉल्व्ह बंद झाला. रिपोर्ट गेला.

त्या संध्याकाळी भाकरी थापताना तिच्या तळव्यावर फोड आला. तवा अजून तापलाही नव्हता.

तिने श्रीवत्सला फोन लावला. "माझं नाव काढ."

"आपल्याकडचं काढतो, अक्का. पण रिपोर्टबरोबर प्रोग्रॅम पण गेला. आता तो दहा ठिकाणी असेल. कोण कुठे चालवतंय, कसं सांगू?"

तिने नोकरी सोडली. डॉक्टर झाले, नवस झाले. त्या श्रीवत्सचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं.

परवा मी तिच्याकडे गेले होते. चहा पीत चांगली बोलत बसली होती. मध्येच कप खाली ठेवला. डोळे माझ्यावरच... आणि दोन्ही हात हवेत काहीतरी फिरवायला लागले.

घर्र... घर्र...

मीही ऐकलं.

"ताई, या वेळी वाचले ग मी," ती घाम पुसत म्हणाली.

कप उचलायला गेली, आणि तिचे हात पुन्हा वर गेले.