अवकाश आहे

रेल्वेच्या नागपूरच्या कचेरीत हिंदी पाट्या लागल्या, आणि रजेचे अर्ज घेणाऱ्या शामलाची खिडकी एका दिवसात 'अवकाश' झाली.

एप्रिलची दुपार होती. वाळ्याच्या ओल्या पडद्यातून गार सुगंध येत होता. खिडकीसमोर एक उंच, सावळा तरुण येऊन थांबला. ओठ हलवत, एकेक अक्षर जुळवत त्याने पाटी वाचली, आणि त्याचा चेहरा उजळला.

"अवकाश... इथेच ना?"

"इथंच. किती दिवस पाहिजे?"

"दिवस? मला तर... जन्मभर पाहिजे!"

शामलाने हसू दाबलं. "इथं हजर कधी झाले?"

"आज सकाळी. बदलून आलो."

"सकाळी हजर, अन् दुपारी सुट्टी? काहून?"

तो गोंधळला. नाव वेणुगोपाल, गाव विजयवाडा; मराठी आधीच्या नेमणुकीत कामापुरतं शिकलेलं. त्याच्या तेलुगूत 'अवकाशम्' म्हणजे संधी. बढतीच्या परीक्षेची चौकशी इथेच होत असणार, असं त्याला वाटलं होतं.

"हिंदीत ते सुट्टी," शामला म्हणाली. "अन् आमच्या मराठीत तिसरंच. अवकाश आहे म्हणजे, अजून वेळ आहे. म्हणजे... थांबा."

"थांबतो," तो म्हणाला.

आणि खरंच थांबला. कचेरी सुटेपर्यंत, बाहेरच्या रसवंतीपाशी.

मग रोजच तिथे गाठ पडू लागली. ती एक मराठी शब्द द्यायची, तो एक तेलुगू. तो चुकला की ती हसायची. पुढे पुढे तो मुद्दामच चुकू लागला... तिला ते कळायचं, तरी ती हसायचीच.

मेमध्ये एकदा शामलाने स्वतःच्याच रजेचा अर्ज भरला; कारण लिहिलं, 'घरगुती काम'.

"घरगुती काम म्हणजे?" त्याने संध्याकाळी विचारलं.

"मी आज रामटेकले जाऊन राहिली, घरी. रविवारी पारशिवनीचे पाहुणे येतेत... मले पाहाले."

त्याच्या हातातला रसाचा ग्लास तसाच राहिला. "म्हणजे लग्न... ठरलं?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "नाही. त्याले अजून अवकाश आहे."

बोलली, आणि बस धरायला जवळजवळ पळालीच. बसमध्ये बसल्यावर मात्र तिच्या मनात आलं... आपण हे बोललो... ते कोणत्या भाषेत?

शनिवारी सकाळी तिचे वडील चंपतराव अंगणात धानाचं बियाणं निवडत बसले होते. घामाने भिजलेल्या शर्टातला एक तरुण स्टेशनाकडून घर विचारत आला आणि हात जोडून उभा राहिला.

"कोण गा तुम्ही?"

वेणुगोपालने नाव, गाव, नोकरी एका दमात सांगितली. "शामलाबाई म्हणाल्या, अवकाश आहे. म्हणून आलो. मला त्यांच्याशी लग्न करायचं आहे."

आई तुळसाबाईंच्या हातातलं सूप थबकलं.

"अवकाश आहे म्हटल्यावर माणूस थांबते गा," चंपतराव म्हणाले. "तुम्ही तर पळतच आले!"

तेव्हा कुठे त्याला मराठी अर्थ आठवला. चेहरा पार उतरला. "चुकलं माझं. आनंदात मला तेलुगूच ऐकू आलं..." तो चपला शोधू लागला.

"थांबा," चंपतराव म्हणाले. "शामला, इकडे ये वं. तू काय म्हटलं होतं याले?"

शामला दाराशी आली. मराठीत म्हटलं, एवढं सांगितलं असतं तर तो निघून गेला असता, आणि उद्या पाहुणे आले असते.

"तोंडानं मराठीतच म्हटलं, बाबा," ती म्हणाली. "पण मनात... तेलुगू होतं."

चंपतरावांनी मूठभर बियाणं उचललं, हळूहळू सुपात सोडलं.

"भात खातेत का गा तुमच्याकडं?"

"तिन्ही वेळा, बाबा."

"तिन्ही वेळा!" धान पिकवणाऱ्या त्या माणसाला हसू आवरेना. मग ते उठले आणि भिंतीशी टेकवलेली सायकल बाहेर काढली. "पारशिवनीले जाऊन येतो. येऊ नका म्हणून पाहुण्यायले तोंडानंच सांगा लागन." फाटकातून ते मागे वळले. "मी येईपर्यंत याले जेवाले घाला. पोटभर."

शामला पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "पाय धुवा," ती म्हणाली. तो वाकला. तिने ओतलेलं पाणी पायांवर पडायचं सोडून अर्धं त्याच्या बाहीवर सांडलं... आणि तुळसाबाई काहीच न पाहिल्यासारख्या तांदूळ धुवायला आत निघून गेल्या.