ऋषीला कोण थोपटत होतं?

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर पुढे सरका, माझं काही बिघडत नाही.

पांढरी साडी, उलटे पाय, अमावस्या... असला फालतूपणा वाचायला आला असाल तर तो इथे मिळणार नाही. रात्रसुद्धा नव्हती. भर दुपार होती. गेल्या मे महिन्यातला मंगळवार. नेरूळला सारसोळ्याच्या बाजूची एक सोसायटी, आणि तिथला माझ्या धाकट्या बहिणीचा भाड्याचा फ्लॅट.

बहीण नंदिनी. नवरा सुधीर. मुलगी जाई चार वर्षांची, आणि ऋषी सात महिन्यांचा.

नंदिनीची बाळंतपणाची रजा नुकतीच संपली होती. ती घरूनच काम करायची, पण खोलीचं दार लावून. जाईला सुट्टी होती. म्हणून मी कोपरखैरण्याहून थोडे दिवस राहायला गेले.

आता सुधीररावांबद्दल सांगते.

हा माणूस महाप्याला आयटीत आहे. मूल वाढवणं म्हणजे कॉम्प्युटरमध्ये सॉफ्टवेअर टाकणं, अशी त्याची समजूत. सात महिन्यांच्या बाळाला वेगळी खोली! भिंतीवर कॅमेरा, तो ह्याच्या फोनला जोडलेला. कठड्याचा छोटा पलंग, त्याला पाळणा म्हटलं की ह्याला राग यायचा.

"ताई, क्रिब म्हणा."

आणि नियम. दुपारी बाळाला आत ठेवायचं आणि दार लावायचं. रडलं तरी उचलायचं नाही. थोपटायचं नाही. आपोआप झोपायला शिकतं म्हणे.

"कोणी सांगितलं हे?" मी विचारलं.

"ताई, आता सगळे असंच करतात. तुमच्या वेळी वेगळं होतं."

हे असं हसून म्हणाला, जणू मी दोन मुलं वाढवली नाहीत, शेळ्या राखल्या.

नंदिनी गप्प. त्याच्यापुढे ती कायमच गप्प. बाळ रडायला लागलं की कानाला हेडफोन लावायची आणि डोळे पुसायची. मला दोघांचाही तिटकारा यायला लागला होता. आईबापच ना हे?

त्या मंगळवारी जेवणं झाली. नंदिनीने ऋषीला आत ठेवलं, दार ओढलं आणि आपल्या खोलीत मीटिंगला गेली. मी किचनमध्ये भांडी आवरत होते. जाई माझ्या पायाशी चित्र काढत बसलेली.

ऋषी रडायला लागला.

आधी कुरकुर. मग पार गळा काढून.

मी हात पुसले. दारापर्यंत गेले. परत आले. दुसऱ्याच्या संसारात किती नाक खुपसायचं?

आणि अचानक...

रडणं थांबलं.

हुंदके नाहीत, मुसमुसणं नाही. नळ बंद करावा तसं थांबलं.

फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती.

माझा फोन वाजला. सुधीर.

"ताई, प्लीज. सांगितलं होतं ना? ठेवा त्याला खाली."

"कोणाला?"

"ऋषीला. उचललंत ना तुम्ही? मला इथे दिसतंय, क्रिब रिकामा आहे."

"मी किचनमध्ये आहे, सुधीरराव."

"मग नंदिनी असेल. थोपटल्याचा आवाज येतोय मला."

नंदिनी तिच्या खोलीत होती. दाराआडून तिचं इंग्रजी मला ऐकू येत होतं.

जाई माझ्या पायाशी होती.

बाहेरच्या दाराला आतून कडी होती.

मी ऋषीच्या दाराला कान लावला...

थप... थप... थप...

सावकाश. सवयीच्या हाताने.

मी दार ढकललं. आवाज थांबला.

ऋषी त्याच्या पलंगातच होता. गाढ झोपलेला. गळ्यापासून पायापर्यंत घट्ट गुंडाळलेला. कापड म्हणजे नंदिनीची ओढणी, जी मी सकाळी बाल्कनीत वाळत घातली होती. एका टोकाला अजून ओलसर होती. आणि गुंडाळलं होतं किती सफाईने! नंदिनीला तसं येत नाही. मलाही येत नाही.

फोन चालूच होता.

"हां, आता दिसतोय," सुधीर म्हणाला. "थँक यू, ताई." आणि कट केला.

माझ्या मागे जाई येऊन उभी होती.

"मावशी, आजी गेली?"

"कुठली आजी गं?"

"ती... मम्मीला ओरडते ती."

संध्याकाळी मी सुधीरला सगळं सांगितलं. त्याने कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग लावलं. ऋषी रडतोय. ऋषी रडतोय. मग पलंग रिकामा. कोणी आलं नाही, कोणी उचललं नाही. होता, आणि नव्हता.

"नेटवर्क," सुधीर म्हणाला.

एवढा शिकलेला माणूस. एवढंच सुचलं त्याला.

"उद्या मी घरी थांबतो," तो हसत म्हणाला. "बघू या कोण येतंय ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो फोन हातात धरून दाराबाहेर उभा राहिला. नंदिनी शेजारी. मी जाईला जवळ घेऊन मागे.

ऋषी रडला. खूप रडला. नंदिनी दाराकडे झाली, तर ह्याने तिचा हात धरला.

"थांब."

मग आतला आवाज तुटला...

आणि फोनमधून आलं... थप... थप...

सुधीरने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. दार उघडलं.

ऋषी उताणा पडलेला. डोळे उघडे. वर कुठेतरी बघून खुदुखुदु हसत होता.

"चला, बाबाकडे चला," म्हणत सुधीरने त्याच्या काखेत हात घातले.

ऋषी उचलला जाईना.

सात महिन्यांचं पोर! सुधीरने जोर लावला. ऋषीची पाठ जराशी सुटली आणि परत गादीला चिकटली. पलीकडून कोणीतरी ओढत असल्यासारखी. ऋषी किंचाळायला लागला.

"अहो सोडा! हात निखळेल त्याचा!" मी ओरडले.

सुधीरच्या हातातला फोन कधीच खाली पडला होता. त्यातून आवाज आला...

"च्..."

जीभ टाळूला लावून काढतात तो. नव्या सुनेने थापलेली भाकरी बघून सासू काढते तो.

आणि मग बाईचा आवाज. म्हातारा. शांत.

"धरता पन येत नाय ह्याला. आन् ही... ही आय हाय?"

सुधीरने हात सोडले. मटकन खाली बसला. प्रत्येक गोष्टीला उत्तर असणारा माणूस, तोंड उघडं टाकून बसला होता. खरं सांगते, भीती वाटायच्या आधी मला बरं वाटलं.

नंदिनी पुढे आली. मला वाटलं, आता ही चक्कर येऊन पडणार. पण तिने पलंगापलीकडच्या मोकळ्या जागेसमोर दोन्ही हात पसरले.

"माझा आहे तो," ती म्हणाली. "मला नसेल येत. शिकेन मी. पण द्या मला."

काहीच झालं नाही.

ऋषी रडायचा थांबला. खोलीत पंखा फिरत होता.

मग ऋषीच्या शेजारी, कोणी टेकल्यासारखा दबलेला गादीचा भाग... हळूच वर आला.

नंदिनीने त्याला उचललं. अलगद आला.

त्याच संध्याकाळी मी सगळ्यांना माझ्या घरी कोपरखैरण्याला घेऊन आले. फ्लॅट सोडला. आता नंदिनी आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहते. त्या जागेत पूर्वी काय होतं, कोण मेलं होतं, विचारू नका. वॉचमन म्हणाला, इथे कोणी मेलेलं नाही. संपला विषय. सुधीर अजूनही नेटवर्क आणि टेन्शनवर ढकलतो. नवीन घरात कॅमेरा मात्र लावला नाही शहाण्याने.

ऋषी आता धरून धरून चालतो. नंदिनी त्याचं सगळं असं करते, जणू दहा मुलं वाढवली आहेत. मला आनंद व्हायला हवा.

परवा दुपारी गेले होते. ती त्याला वरणभात भरवत होती. घास कालवायची, बोटांवर घ्यायची आणि थांबायची. डाव्या खांद्यामागे, जरा वर बघायची. मगच त्याच्या तोंडात घालायची.

प्रत्येक घासाला.

"कोणाकडे बघतेस गं?" मी विचारलं.

"कुठे काय."

तिने ऋषीचं तोंड पुसलं. मग माझ्याकडे न बघता, अगदी सहज म्हणाली,

"आता नाही ओरडत, ताई. आता मला येतं."

मी पाणीसुद्धा न पिता उठले. हाकेच्या अंतरावर राहते ती. पण दुपारची मी तिच्याकडे जात नाही.