डोहातला चिमटा

नीरेच्या डोहात ठकू मेंढरं धूत होती, आणि मेंढराऐवजी एक माणूसच वाहत तिच्या अंगावर आला. कातरणीआधी मेंढरू पाण्यात धरतात, तसाच तिनं चटकन त्याच्या हनुवटीखाली हात घातला. डोळ्यांना डोळे भिडले...

"म्या मेंढरू न्हाई," तो धापा टाकत म्हणाला.

"मेंढरू बरं. एवढं बोलत तरी न्हाई."

तो हिर्डोशीचा गेणू. हिरडे काढताना झाडावरून पडला, पाठीचा कणा दुखावला आणि दोन्ही पाय लुळे पडले. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज पाण्यात उतरवा. पाणी अंगाचा भार घेतं, तिथंच पाय हलवा. आई साळूबाई एकटी. तिच्या हातून तो निसटला होता. बोलता बोलता ती ठकूची लांबची आत्या निघाली, मग ठकू रोज मदतीला येऊ लागली.

आत्या काठावर बसायची. गेणू उंबराची मुळी धरून तरंगायचा आणि ठकू त्याचे पाय हलवायची. हलवता हलवता गुपचूप अंगठ्याला चिमटा काढायची आणि श्वास रोखून त्याच्या तोंडाकडं बघायची. काही नाही. कोरा चेहरा.

अशातच विंझरचं स्थळ आलं. आज संध्याकाळी तिचा बाप बाजी होकार कळवणार होता. नाही म्हणायचं तर कशाच्या जोरावर? गेणूच्या मनातलं तिला कुठं ठाऊक होतं?

"उद्यापासनं म्या येनार न्हाई," ती म्हणाली, आणि सगळी तगमग त्या चिमट्यात उतरली.

"आयाई—"

ठकू थिजली. "कळलं तुमाला?"

गेणू ओठ चावून हसू दाबू लागला.

"कवापासनं कळतंय?"

"...मागल्या बाजारापासनं. सांगितलं असतं तर तू म्हनाली असतीस, आता माजं काय काम."

तिनं पाय सोडून दिले. डोळे भरून आले. "लबाडा, हितं माजा जीव टांगनीला, आन् तू..." रागात 'तुमी' कधी गळालं, तिलाही कळलं नाही. "आज विंझरला होकार जानार हाय."

त्याचं हसू मावळलं. "ठकू, म्या चालंन का न्हाई, ठावं न्हाई. म्हनून तोंड उघडलं न्हाई."

"चालायचं कोन इचारतंय? मनात हाय का, तेवढं सांग."

"हाय," तो म्हणाला. "लई हाय."

मग त्यानं काठाकडं मान वळवली. "आये, बाजीमामाकडं जायाचंय. मागनी घालायला. ठकू, तुमचं वझ्याचं घोडं आन."

"आरं, पडशील," साळूबाई कळवळली.

"पडलो तर उचला. पर आजच जानार."

ठकू पळत सुटली. ओलं लुगडं पायात येत होतं, बाप काय म्हणेल ही धास्ती होती, आणि तरीही हसू काही आवरत नव्हतं.