ओळखीचा भार

शर्वाणीच्या पोटाच्या स्नायूंमध्ये केसाहून बारीक धागे सोडले होते. पडद्यावर त्यांच्या लहरी संथ पाण्यासारख्या हलत होत्या.

"संवेदनांची चाळणी शिकतेय," भूलतज्ज्ञ डॉ. हर्डीकर म्हणाल्या. "श्वास, कपडे, चादर. आज जे शिकेल, तेवढंच उद्याच्या ऑपरेशनपासून मेंदूकडे सोडेल. अनोळखी सगळं मज्जातंतूतच अडवेल. काप, टाके, सगळं."

"आणि मनू?"

पाच महिन्यांची मनू रोज दुपारी आईच्या पोटावरच झोपायची.

"शिकताना पोटावर काही नको हं, ताई," चाळणी घडवणारा अल्ताफ मुलाणी म्हणाला.

दोघं चहाला गेले. शर्वाणीने मनूला हळूच पोटावर घेतलं. लहरींना एक उबदार हेलकावा आला.

दुसऱ्या दिवशी आतड्यातली गाठ निघाली. जाग आली तेव्हा छातीखाली नुसता ढग होता.

"मॅडम, शिकवणीत एक गुबगुबीत लहर सापडलीय," अल्ताफ म्हणाला. "घोरतेसुद्धा!"

"चोरटी कुठली!" डॉक्टरांनी शर्वाणीकडे डोळे वटारले.

शर्वाणी हसली. टाके ताणले गेले, तिला कळलंही नाही. "म्हणजे ती मला जाणवेल?"

"जाणवेल. पण जखम जरा भरू दे."

मग दोन-तीन आठवडे तरंगतच गेले. मनू शेजारी झोपायची, आणि शर्वाणी त्या एका भाराची वाट पाहत राहायची.

अखेर डॉक्टरांनी परवानगी दिली. शर्वाणीने डोळे मिटले.

"ठेवा ना."

"अगं, केव्हाची ठेवलीय," डॉक्टर म्हणाल्या.

तिने डोळे उघडले. मनू पोटावर वरखाली होत होती, जणू दुसऱ्याच कुणाच्या.

अल्ताफने लहरी पुन्हा पुन्हा तपासल्या. "चाळणी ठीक आहे, ताई. मनू बदललीय. वजन वाढलंय, श्वास लांबलाय, गुडघे रोवायला लागलीय. चाळणीला ही कुणी परकी वाटते."

"मग हिलाही शिकवा."

"त्यासाठी चाळणीचा अडसर उघडावा लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ता उघडला तर जखमेचं दुखणंही ती ओळखीचं म्हणून शिकेल. मग तेही अडवणार नाही. थोडे दिवस थांब."

"तोवर ही आणखी वाढेल."

डॉक्टरांनी अल्ताफकडे पाहून होकारार्थी मान हलवली.

ढग विरत गेला. आधी कळ आली, लांबलचक, टाक्याटाक्यातून. शर्वाणीने ओठ दाबले. आणि मग त्या कळेवरच काहीतरी उबदार, ओलसर, हळूहळू टेकलं.

"फार दुखतंय का गं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," शर्वाणी म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही. दोन्ही हात मनूच्या पाठीवर होते. "केवढी जड झालीय बघा ना."