प्रणोतीचा नकार

विद्यापीठात प्रवेश घेताना आता कागदपत्रांबरोबर मनोलेखही द्यावा लागे. डोक्यावर तारांच्या जाळीची टोपी बसवायची, बारा मिनिटं अवयवदानाची चित्रं दाखवायची आणि त्या वेळी मेंदूत उठणाऱ्या लहरींवरून दानाला होकार की नकार हे नोंदवायचं, एवढाच तो प्रकार. पूर्वी कॉलेजच्या शिबिरांत मुलं हजेरीसाठी, प्रमाणपत्रासाठी दानपत्रावर डोळे झाकून सह्या करत. मेंदू मृत होणं म्हणजे काय, हेही निम्म्यांना ठाऊक नसे. मग अशा सह्यांवरून वाद होऊ लागले आणि कायदा आला: सही नव्हे, मनोलेख खरा.

मल्लिनाथ बिराजदार सोलापूरला एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. त्यांची मुलगी प्रणोती वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. मंगळवारी सकाळी कॉलेजला जाताना तिच्या स्कूटरला टेम्पोनं उडवलं. गुरुवारी डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचं सांगितलं. मल्लिनाथांनी तिच्या पाकिटातलं दानपत्र काढून पुढे केलं. गेल्या दिवाळीत आईशी भांडून तिनं ते भरलं होतं.

रुग्णालयात अवयवदानाचं काम बघणाऱ्या समन्वयक बाईंनी संगणकात पाहिलं आणि दानपत्र परत दिलं. मनोलेखात नकार होता.

मनोलेख शोधून काढणाऱ्या डॉ. मुक्ता देवस्थळी त्याच रुग्णालयात होत्या. मल्लिनाथ तडक त्यांच्या खोलीत गेले. डॉक्टरांनी पडद्यावर प्रणोतीचा आलेख लावला. शस्त्रक्रियेचं चित्र आलं तिथं रेषा एकदम उसळली होती. माणूस विचार करून बोलायच्या आधीच मेंदू मागं सरतो, असं त्यांनी समजावलं. बोलणं खोटं असू शकतं, हे मागं सरणं खोटं नसतं.

"ती घाबरली होती," मल्लिनाथ म्हणाले. "अठरा वर्षांची पोर, फाडलेलं पोट बघून घाबरणारच. आठ दिवस धड जेवली नाही. मग तिनं सगळं वाचून काढलं, आम्हाला पटवलं आणि सही केली. भीती वाटत असताना केली, मॅडम. ते तुमच्या यंत्रात कुठं दिसतं?"

डॉक्टरांनी त्या उसळलेल्या रेषेवर बोट ठेवलं.

"दिसत नाही," त्या म्हणाल्या. "यंत्राला फक्त भीती मोजता येते."

हे त्यांना केव्हापासून माहीत होतं, असं मल्लिनाथांनी विचारलं. पहिल्याच वर्षी शंभरातल्या सत्त्याऐंशी मुलांचा नकार निघाला तेव्हापासून, असं त्यांनी कबूल केलं. पण तोवर कायदा झाला होता. प्रणोतीच्या मनोलेखाची फेरनोंद नियमाप्रमाणे तिसऱ्या वर्षी होणार होती, आणि मृत मेंदूची नोंद घेता येत नाही.

खालच्या मजल्यावर प्रणोतीच्याच वयाची एक मुलगी यकृतासाठी थांबली होती. तिचे वडील जिन्यात भेटले. मल्लिनाथांना त्यांच्याकडं बघवलं नाही.

शुक्रवारी समाजाच्या स्मशानभूमीत प्रणोतीला रिवाजाप्रमाणे बसत्या स्थितीत पुरलं. मूठभर माती घेऊन पुढे आलेले तिचे चुलते धीर देत म्हणाले, "निदान पोर अख्खी गेली."

"अख्खी नाही गेली," मल्लिनाथ म्हणाले. "तिचा शब्द काढून घेतला तिच्यातनं."

आणि त्यांनी चुलत्यांची मूठ उघडून ती माती बाजूला फेकून दिली.