कोंडलेली चूल

१९८६च्या मार्चमध्ये आम्ही चौघे जिंतूरच्या डोंगरातल्या एका गुहेतला शिलालेख शोधायला निघालो. मोहिमेचे प्रमुख बन्सीधरसाहेब, पुण्याचे प्राध्यापक. नकाशा वाचला की डोंगर कळतो, असं त्यांचं मत. त्यांनी दोनदा वाट चुकवली आणि दोन्ही वेळा ती सरजाबाईने शोधून दिली. ती याच डोंगरात मोळ्या विकून पोट भरायची. तिसरा दत्तराव, फोटो काढणारा. चौथा मी, रंगनाथ, शाळामास्तर.

दुपारी गुहा सापडली आणि त्याच क्षणी गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या! धावत आत शिरलो. साहेबांना थंडी सोसवेना. त्यांनी गुहेच्या तोंडाला ताडपत्री बांधायला लावली, कडेने दगड रचायला लावले आणि चूल पेटवायचा हुकूम सोडला.

"थोडी फट ठेवा, साहेब," सरजाबाई म्हणाली. "जाळाला बी वारा लागतो."

"तू चहाचं बघ. शास्त्र मी बघतो."

चूल आधी छान पेटली. मग जाळ बसत गेला. खडखडीत वाळलेली लाकडं नुसती धुमसू लागली. छताला गेलेला धूर खाली उतरला. साहेबांनी गाल फुगवून फुंकर मारली आणि स्वतःच ठसकले.

"ओली लाकडं आणलीस!"

"लाकडं कोरडीच हायत. हवा संपायली. चूल गुदमरायली अन् आपुन बी."

साहेब कुत्सित हसले. माझं डोकं ठणकत होतं. भिंतीला टेकलेल्या दत्तरावला मी हाक मारली. तो बाजूला कलंडला.

"दमलाय, झोपू द्या," साहेब म्हणाले.

मी दगड लाथाडले. सरजाबाईने कोयत्याने दोर तोडला. ताडपत्री उडाली! गार वारा आत घुसला आणि विझत आलेली चूल भडकली. लाकडं तीच!

दत्तरावला आम्ही गारांत ओढून आणलं. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

गारा थांबल्या. साहेबांना अजून शिलालेख हवाच होता. सरजाबाईने पेटतं लाकूड धरून गुहेच्या आतल्या बोळात पंधरा पावलं टाकली. ज्योत बारीक झाली, विझली. ती माघारी फिरली.

"म्होरं हवाच न्हाई. मी येत न्हाई."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोर गुंडाळायला घेतला. एकट्याने जायची त्यांची छाती नव्हती!

बाहेर उघड्यावर चहा झाला. साहेबांनी सवयीने पहिल्या कपासाठी हात पुढे केला. सरजाबाईने तो हात बाजूला सारला आणि कप दत्तरावच्या ओठांना लावला.