राखेतून आणलेला पायरू

खोटं वाटलं तर खुशाल वाटू द्या. मी एसटीत कंडक्टर आहे. दिवसभर लोकांच्या थापा ऐकतो, त्यामुळे थाप कोणती आणि खरं कोणतं, एवढं मला कळतं.

ही थाप नाही.

माझी मावसबहीण प्रतीक्षा देऊळघाटला दिलेली आहे, बुलढाण्याजवळच. तिच्या घरी हे घडलं, मागच्या हिवाळ्यात, पौष सरता सरता. आणि रात्री-बिरात्री नाही... भर दुपारी सुरू झालं.

लोकांना भुतं अमावस्येच्या रात्रीच लागतात. त्याला माझा इलाज नाही.

प्रतीक्षाचे सासरे भगवंतराव गेले. मेथी-कोथिंबीर पिकवणारा साधा माणूस. सकाळी चहाचा कप खाली ठेवला, भिंतीला टेकले, ते टेकलेच. मागे राहिली बायको अन्नपूर्णाबाई, एकुलता एक मुलगा हर्षल आणि सून प्रतीक्षा.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. प्रतीक्षाला आई नाही. लहानपणीच गेली. लग्न होऊन आली तेव्हापासून अन्नपूर्णाबाईच तिची आई. सासू-सुनेचं असं गूळपीठ मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नाही. सासरे, तिचे मामाजी, गेल्यावर पोरीच्या डोक्यात एकच होतं, की आता आईंना जपायचं. त्यांच्या जीवाला काही होऊ द्यायचं नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की घरातून विस्तव नेतात. मडक्यात. मुलगा ते मडकं धरून पुढे चालतो आणि त्याच विस्तवानं अग्नी देतात. आपलं माणूस आपल्या घरच्या आगीनं जातं. पण तिथून परत येताना पेटतं काही आणायचं नाही. तिथे कोणी बिडी ओढली तर काडीपेटीसुद्धा तिथेच टाकून येतो.

गेलेली आग घरात परत येऊ द्यायची नसते.

हर्षलनं हे सगळं नीट पार पाडलं. चुकला तो राख सावडायच्या दिवशी.

त्याला मोबाईलवरच्या एका खेळाचा नाद. तिशीचा बाप्या, पण नाद तो नादच. मोबाईल धरून हिंडायचं, कॅमेऱ्यातून रस्ता बघायचा आणि तिथे बसलेले चित्रविचित्र प्राणी पकडायचे. कोणी पाण्याचा, कोणी मातीचा, कोणी विजेचा. त्यातला आगीचा तो पायरू. कासवाएवढा. पाठीवर चुलीच्या दगडांसारखी तीन शिंगं आणि मधे जाळ. हर्षल कधीचा त्याच्या मागावर होता. राजूर घाट पालथा घातला, बुलढाणा पालथा घातला, पायरू काही मिळाला नाही.

त्या सकाळी बाकीचे लोक अस्थी घेऊन पुढे गेले. हर्षल मागे रेंगाळला. खिशात मोबाईल थरथरला. काढून बघतो तर...

राखेवर पायरू बसलेला. डोळे मिटून.

बाप नुकता गेलेला, डोकं सुन्न. त्यानं सवयीनं बोट फिरवलं आणि पकडला. खिशात टाकला आणि घरी घेऊन आला.

घरात तोवर चूल पेटलेली नव्हती. चूल म्हणजे गॅसच हो, पण सुतकात म्हणायचं चूलच. जेवण सहदेव काकांकडून यायचं. भगवंतरावांचे हे चुलतभाऊ दोन घरं सोडून राहतात. त्या दुपारी प्रतीक्षा रिकामे डबे ठेवायला स्वयंपाकघरात गेली. ओटा पुसता पुसता हात शेगडीला लागला...

शेगडी तापलेली होती.

तिनं खाली वाकून बघितलं. सिलेंडर बंद. रेग्युलेटर काढून बाजूला ठेवलेला, तिनंच ठेवलेला.

पहिला संशय सासूवर गेला. चहाची तल्लफ आली असेल, सांगायला लाजल्या असतील.

"आई, तुम्ही चहा ठेवला होता का?"

"मी कायले ठेवीन वं, सुतकात?"

अन्नपूर्णाबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. प्रतीक्षा गप्प बसली. पण संशय गप्प बसत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरात कोणी नाही, शेगडी गरम. आणि कान दिला तर आतून बारीक आवाज...

चुर्र... चुर्र...

ओलं लाकूड जळताना होतो तसा. त्या घरात लाकडाची चूल काढून टाकल्याला जमाना झाला.

मग दिवा. भगवंतराव जिथे गेले त्या कोपऱ्यात दिवा ठेवलेला होता. तेरवीपर्यंत तो विझू द्यायचा नसतो. प्रतीक्षा तेल घालायला जायची...

तेल काठोकाठ. वात चांगली. वारा नाही. आणि दिवा विझलेला.

लावला की विझायचा. जणू त्याची आग कोणी चाटून घेत होतं.

इकडे हर्षल वेगळ्याच कोड्यात. या खेळात प्राण्याला खाऊ घालावं लागतं, नाहीतर त्याचा जाळ मंद होतो. हर्षलनं तर सुतकात खेळ उघडलाही नव्हता.

"त्याचा जाळ आपोआप वाढून राह्यला," तो बायकोला म्हणाला. "मोबाईल बंद करून ठेवला तरी गरम लागते."

तेव्हा कुठे त्यानं तिला सांगितलं, की हा प्राणी कुठून आणला.

"तिथून आणला तुम्ही? घरात?"

"अवं खेळ आहे तो. चित्र आहे. त्याले कायची आग?"

तिलाही ते पटलं असतं. पण तेवढ्यात तिचं लक्ष अंगणात गेलं. अन्नपूर्णाबाई ओट्यावर बसल्या होत्या. पौषातला गार वारा सुटलेला. ही बाई एरवी थंडीनं इतकी कुडकुडणारी, की दिवाळीपासून शाल सुटत नाही. आणि आता...

अंगावर शाल नव्हती. पातळ सुती लुगड्यात आरामात बसलेल्या.

मांडीवर हर्षलचा मोबाईल होता, आतून कधी उचलून आणला कोण जाणे. त्या त्याच्याशी बोलत होत्या. हळू आवाजात, भाजीचं, शेजारणीचं, नेहमीचंच. मधेच थांबायच्या, ऐकल्यासारखं करायच्या, मान डोलवायच्या.

प्रतीक्षानं मागून वाकून पाहिलं. पायरूचे डोळे उघडे होते. तो आईंकडे बघत होता.

"आई, कोणाशी बोलता?"

"हे आले ना," त्या म्हणाल्या. एवढंच.

मोबाईल काढून घेतला तर त्या जेवायच्या नाहीत, म्हणून राहू दिला. राहू दिला तरी जेवायच्या नाहीत. तेरवी झाली तोवर बाई अर्धी झाली. हात धरला तर चटका बसावा असा. डॉक्टरकडे नेलं. थर्मामीटर म्हणे ताप नाही. दुसरा लावला. तोही म्हणे ताप नाही.

प्रतीक्षा रडकुंडीला आली. एकदा आई गेलेली पोरगी ती, तिला ही लक्षणं कळतात. आणि तिच्या मनात आता नवाच संशय शिरला होता...

भगवंतराव पहाटे स्वतःचा चहा स्वतः करायचे. कायम बारक्या बर्नरवर. कोणी मोठा पेटवला की कटकट करायचे. सगळ्या गावाला त्यांची ती खोड माहीत.

आणि रोज तापलेला असायचा तो मोठा बर्नर. रोज. एकदाही बारका नाही.

मग घरात आलंय ते कोण?

ती तशीच उठली आणि हर्षलला घेऊन सहदेव काकांकडे गेली. काका पाटावर बसून सुपारी कातरत होते. सगळं ऐकून घेतलं. अडकित्ता खाली ठेवला.

"कोणत्या राखेवरून उचललं बे त्याले?"

"म्हणजे?"

"अरे, त्या दिवशी दोन जागा जळलेल्या होत्या. एक आपली. अन् एक बाजूची."

हर्षल आठवत राहिला. मोबाईलच्या कॅमेऱ्यात राखच राख दिसत होती, असं म्हणाला. कोणती कोणाची, ते त्यानं पाहिलं नव्हतं.

"बाजूची कोणाची होती, काका?" प्रतीक्षानं विचारलं.

"कोणाची म्हणून सांगू? बेवारस होतं. रस्त्यावर गाडीखाली आलेलं. नाव नाही, गाव नाही. गावानं लाकडं घातली, डिझेल वतलं अन् काडी लावली. त्याच्यासाठी कोण्या घरातून विस्तव गेला नोता, पोरी."

प्रतीक्षाला भर दुपारी थंडी वाजली.

ठरलं असं, की हर्षलनं मोबाईल घेऊन तिथेच जायचं आणि त्या प्राण्याला तिथेच सोडायचं. खेळात तशी सोय आहे. प्रश्न होता आईंच्या हातून मोबाईल घ्यायचा. नवरा समजून धरून बसलेली बाई सोडेल कशी?

प्रतीक्षा त्यांच्या पायाशी बसली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

"आई, माझं ऐका. हे मामाजी नाहीत. मामाजी कधी मोठा बर्नर पेटवत होते का? ते दुसरं कोणीतरी आहे..."

अन्नपूर्णाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात केसांतून भाजत गेला.

"मले मालूम आहे," त्या म्हणाल्या.

प्रतीक्षानं मान वर केली.

"पहिल्या दिवसापासून मालूम आहे. एवढा संसार केला, ह्यांचं असणं मले कळत नाही का वं? हे नाहीत ते. पण ते दारात उभं राहून विचारत होतं, बसू का म्हणून. मी म्हटलं बस."

आणि त्यांनी आपणहून मोबाईल पुढे केला. प्रतीक्षानं ज्याच्यासाठी एवढी तयारी केली होती, ते असं सहज झालं.

"घेऊन जाय हर्षल. त्याले आता याची गरज नाही."

हर्षल गेला. उन्हं उतरायच्या आत त्या जागेवर प्राणी सोडला, खेळ मोबाईलमधून काढून टाकला. मोबाईल हातातल्या हातात गार पडला, असं तो शपथेवर सांगतो.

इकडे प्रतीक्षा आईंचा हात हातात घेऊन बसली होती. आता निवेल, आता निवेल म्हणून.

हात निवला नाही.

"आई, तुम्ही त्याला काय सांगितलंय?" तिनं शेवटी विचारलं.

अन्नपूर्णाबाई अंगणाकडे बघत होत्या. शांत. खरं तर समाधानी.

"त्याले जायले घरची आग पाहिजे, बाई. बिनआगीचं कुठं जाईल ते? मी म्हटलं, थांब थोडं. माझी वेळ आली की हर्षल मडकं धरीन. तू त्याच्यात बस. दोघं संगच जाऊ."



हे झालं मागच्या हिवाळ्यात. परवा मी गेलो होतो. अन्नपूर्णाबाई आहेत. दोन घास खातात, हसतात, माझ्या पगाराची चौकशीही केली. पण हाडं वर आली आहेत. कडाक्याच्या थंडीत अंगणात उघड्या हातांनी बसल्या होत्या. मी पाया पडलो. पाय तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखे लागले. हात मागे घेतला, आणि मागे घेतला याची लाज वाटली.

प्रतीक्षा मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. वाळली आहे ती. आईंच्या ताटावर नजर, आईंच्या श्वासावर नजर, असे दिवस काढते. स्टॉपच्या बाकड्यावर माझ्या शेजारी बसली.

"दादा, ते नुसतं वाट पाहत असेल, की आईंना घाई करून राह्यलं असेल?"

मी म्हटलं, असं काही मनात आणू नकोस.

"मडकं नेलंच नाही तर? आईंच्या वेळी?"

मी रस्त्याच्या वळणाकडे बघितलं.

"मग आई कशा जातील? त्या पण त्याच्यासारख्याच..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. माझ्याकडे बघत राहिली, जणू मला काही माहीत असावं.

गाडी आली असं म्हणून मी उठलो. गाडीला अजून वेळ होता.